पेटीतली गुलबकावली

लोहाऱ्यात या घरी उतरलात तर आधी तांब्याभर पाणी येईल, मग तुरीची आणि पावसाची चौकशी होईल, मग चहा. चहाची बशी खाली ठेवता ठेवता कुणीतरी फळीवरची पत्र्याची पेटी उतरवेल. तिच्यात आजीचा लग्नातला शालू आहे, जमिनीचे निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत, वाळून चुरा झालेला कडुनिंबाचा पाला आहे. शालूच्याही वर, मानाच्या जागी, ती आहे. गुलबकावली.

दिसायला आता काही राहिलेली नाही. वेष्टन कधीच गेलं. पाठीला खळ लावून धोतराचा तुकडा चिकटवलाय. कोपरे उंदरांनी कुरतडून गोल केलेत. उंदरांचं आणि तिचं नातं जुनं आहे, ते पुढे सांगतो. टाइप जाडा, ओळी एकमेकींना खेटून, कागद खारकेच्या रंगाचा. तरी हातात घेतली की जाणवतं, बाईला आपण कोण आहोत याचा विसर पडलेला नाही. शालूच्या खाली ठेवली तर पुढच्या वेळी पेटी उघडल्यावर ती वरच सापडते. घरातल्या प्रत्येकाचा दावा असतो की मी ठेवली नाही.

नावापासूनच तिचा तोरा सुरू होतो. गुल म्हणजे फारसीत फूल. आपल्या घरातला गुलाब, गुलकंद, सणाच्या दिवशीचा गुलदस्ता, कुंपणाजवळची गुलबाक्षी, हे सगळे त्याच गोतातले. बकावली मात्र संस्कृत कानाला बगळ्यांची रांग वाटते, संध्याकाळी माकणीच्या धरणावरून परतणारी. एक पाय इराणच्या गालिच्यावर आणि एक आपल्या पाणथळ रानात ठेवून ती उभी आहे. कोकणात आणि घाटावर ओल्या जागी उगवणारा, आल्याच्या कुळातला तो पांढरा सुवासिक सोनटक्का हिंदीत गुलबकावलीच. अमरकंटकला त्याच फुलाचा अर्क डोळ्यांसाठी म्हणून विकतात. औषधाचं डॉक्टरांना विचारावं. वास मात्र शपथेवर सांगण्यासारखा आहे.

वंशावळ विचारली की ती खुलते. तिला फारसीत लिहून ठेवणारा इज्जतुल्ला बंगालचा. त्याच्या नावामागेच ‘बंगाली’ लागतं. काळ अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांमधला. म्हणजे वेश इराणी, परी इराणी, बागा इराणी, पण पाळणा हलला तो भाताच्या आणि माशांच्या मुलखात. मी इराणात जन्मले असं ती सांगत नाही. तुमचा तसा समज झाला तर दुरुस्तही करत नाही. पुढे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या साहेबांना हिंदुस्थानी शिकवण्यासाठी वाचायला सोपं असं गद्य हवं होतं. तिथल्या गिलख्रिस्ट यांच्या देखरेखीखाली निहालचंद लाहोरी यांनी १८०३च्या सुमारास तिला उर्दूत आणलं आणि ‘मजहब-ए-इश्क’ असं भारदस्त नाव दिलं. मग लखनौच्या दयाशंकर ‘नसीम’ या काश्मिरी पंडितानं तिला पद्याचे दागिने घातले. गार्सां द तासी नावाच्या पंडितानं फ्रेंचमध्ये नेलं. मराठीत आली ती हातिमताई, सिंहासनबत्तीशी, वेताळपंचविशी यांच्या पंगतीत. मुसलमानानं लिहिली, हिंदूनं भाषांतरली, पंडितानं सजवली, साहेबांनी घोकली. इतक्या घरचं मीठ खाल्लेली बाई कुणा एकाच्या घरची कशी म्हणायची?

मनातल्या मनात वाचलेलं तिला खपत नाही. एकट्यानं कोपऱ्यात बसून वाचायला घेतली की ती रटाळ होते, वाक्यं लांबवते, एकाच राजपुत्राला चार चार विशेषणं लावते. तीच मोठ्यानं वाचली, समोर दोन पोरं, एक म्हातारी आणि निवडायला घेतलेल्या शेंगांचं सूप असलं, की त्याच विशेषणांना ताल येतो. श्रावणात पोथीला पाट मिळतो, हळदकुंकू मिळतं. हिला तसलं काही नको. पोथी उरकेपर्यंत ती निमूट थांबते. वीज गेली आणि पोरांनी भुणभुण सुरू केली, की तिची वेळ झाली. “वाच की गं, काय करायलीस,” असं आजी सुनेला म्हणते आणि कंदिलाची वात स्वतः वर करते.

धीर तिला मुळीच नाही. आजच्या कादंबऱ्या पन्नास पानं हवापाणी सांगतात. हिच्या सुरुवातीलाच राजा आंधळा. झैनुल्मुलूक त्याचं नाव. चार मुलगे आहेत, पाचवा होतो, आणि ज्योतिषी सांगतात की या मुलाचं तोंड पाहिलंस तर तुझे डोळे जातील. मूल दूर वाढवतात. एके दिवशी शिकारीत बापलेकांची गाठ पडते आणि राजाच्या डोळ्यांपुढे कायमचा अंधार. शहरातल्या वाचकाला हे ओढूनताणून आणलेलं वाटेल. इथे वाटत नाही. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या लेकराचं तोंड बापानं आधी तेलात पाहायचं, मग समोरून, ही रीत ज्या घरात झाली आहे त्या घरात त्या पानावर कुणी शंका काढत नाही. आजी फक्त म्हणते, “त्या राजाला कुणी तेल दिलं न्हाई.” सगळ्या पोथीपंडितांची टीका या एका वाक्यापुढे मला फिकी वाटते.

उपाय एकच: बकावली परीच्या बागेतलं फूल डोळ्यांना लावायचं. चारही थोरले निघतात. पाचवा, ताजुल्मुलूक, ज्याच्यापायी बाप आंधळा झाला तो, ओळख लपवून त्यांच्या मागे जातो.

आता तिचं व्यसन सांगतो. तिला जुगार आवडतो. फुलाकडे जायची घाई असताना ती मध्येच दिलबर लख्खा नावाच्या कलावंतिणीच्या दारात थांबते आणि तिथून हलायला तयार होत नाही. दिलबरकडे लाखाच्या पैजेवर सोंगट्यांचा डाव चालतो. तिच्याकडे एक मांजर आहे. मांजर डोक्यावर दिवा घेऊन पटाजवळ बसते. कुठल्या वेळी मान कलवायची, कुठे सावली पाडायची, हे तिला शिकवलेलं. त्या सावलीतून उंदीर येतो आणि फासे उलटवून जातो. चारही राजपुत्र आधी धन हरतात, मग स्वतःला हरतात आणि तिच्या घरी गुलाम होऊन बसतात.

हा प्रसंग वाचताना या घरातली पोरं पुस्तकाकडे पाहत नाहीत. कंदिलाच्या सावलीकडे पाहतात. ताजुल्मुलूकला ते बिंग कळतं. तो मुंगसाचं पिल्लू पाळतो, त्याला चुटकीवर झेप घ्यायला शिकवतो आणि बाहीत लपवून डावाला बसतो. ऐन मोक्याला चुटकी. मुंगूस बाहेर, उंदीर पसार, मांजर दिवा टाकून पळालेली. इथे वाचणारीनं कंदील किंचित हलवायचा, हा या घरचा नियम आहे. नाही हलवला तर पोरं पान उलटू देत नाहीत. माझ्या मते मराठीत जुगाराच्या प्रसंगांना तोटा नाही. महाभारतातल्या द्यूतापासून सुरुवात आहे. पण डोक्यावर दिवा घेतलेल्या मांजरीची सर कुणाला नाही.

राक्षसांशी तिचं वागणं मोठं घरगुती आहे. डोंगराएवढा एक राक्षस ताजुल्मुलूकला खायला निघतो. तेवढ्यात वाटेनं कणीक, साखर, तूप लादलेले उंट येतात आणि राक्षस एक उंट ओढून आणतो. राजपुत्र चूल मांडतो आणि त्याला रांधून घालतो. रांधलेलं अन्न त्या बापड्यानं जन्मात चाखलेलं नसतं. पहिल्या घासालाच तो विरघळतो आणि आपल्या बहिणीकडे, हम्मालेकडे, शिफारस करून पाठवतो. पुढे उंदीर कामाला लागतात आणि बागेपर्यंत जमिनीतून बोगदा खणून देतात. दिलबरच्या घरी फासे उलटवणारी तीच जात इथे पुण्य जोडते. गुलबकावली कुणालाही कायमचं वाईट ठरवत नाही. एकदा चुकलेल्या उंदराला दुसऱ्या अध्यायात काम देते. तिच्या पानांचे कोपरे कुरतडणाऱ्यांनाही या घरात कुणी फार रागावत नाही, ते बहुधा यामुळेच.

या राक्षसांनी एक गंमत करून ठेवली आहे. फारसीत त्यांना ‘देव’ म्हणतात. आपला देव देवळात बसतो आणि तिकडचा देव बागेवर पहारा देतो, माणसं खातो. शेजारी शेजारी वाढलेल्या दोन भाषा, मूळ शब्द एकच, आणि अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे. मराठी अवतारात राक्षस म्हणून सोय लावता येते. पण गावातल्या उर्दू बोलणाऱ्या घरातून तीच गोष्ट ऐकून आलेलं पोर विचारतं, देव बागेची राखण करत होता तर मग फूल का देत नव्हता? बागेचा मालकी हक्क परीकडे आणि पहारा देवाकडे, असं उत्तर त्याला एकदा मिळालं होतं. ते त्याला पटलंही.

अशा गोष्टी इथे परक्या वाटू नयेत अशीच ही भुई आहे. नळदुर्गाचा किल्ला इथून लांब नाही. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ साली पाणीमहाल बांधवला. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. तिथे फारसी शिलालेख आहे. त्याचा आशय असा की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि वैऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंधार येईल. गुलबकावलीचा जन्म त्यानंतर शंभर वर्षांनी, कुठल्या कुठे बंगाल्यात. तरी डोळ्यांच्या उजेड-अंधाराची तीच बोली या जिल्ह्यातल्या दगडात आधीच कोरलेली होती. मला तर वाटतं, ती इथे आली तेव्हा तिला कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं असेल.

मराठी मात्र तिला इथे सहज मिळाली नाही. हा सगळा मुलूख १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात. कचेरी उर्दूत, आणि १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दूत शिकवणारं. मराठीतून शिकायचं म्हणून माणसांनी पदरमोड करून शाळा काढल्या. त्यातली एक याच तालुक्यात, हिप्परग्याला. राष्ट्रीय शाळा. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व पुढे ज्यांनी केलं, ते आधी या तालुक्यातल्या पोरांना शिकवत होते. अशा शाळेत मोठ्या कष्टानं मराठी अक्षर जुळवायला शिकलेल्या पोराच्या हातात जत्रेत किंवा तुळजापूरला देवीच्या वाटेवर अशी एखादी चोपडी पडली, तर तिनं त्याचं किती भलं केलं असेल याचा विचार करावा. पाठ्यपुस्तकानं त्याला वाचायला शिकवलं. वाचायला बसवलं हिनं. आणि हिची गंमत ही की मराठीत वाचणारा आणि उर्दूत वाचणारा, दोघांना तिनं एकच स्वप्न दाखवलं.

सिनेमाचा नाद तिला पहिल्यापासून. १९२४ साली, पडद्यावर अजून आवाज नव्हता तेव्हा, मुंबईच्या कोहिनूर कंपनीनं तिच्यावर चित्रपट काढला. दिग्दर्शक कांजीभाई राठोड. तमिळमध्ये १९५५ साली तिच्याबरोबर एम. जी. रामचंद्रन उभे राहिले, तेलुगूत १९६२ साली एन. टी. रामाराव. दोघेही पुढे मुख्यमंत्री झाले. या योगायोगाचं श्रेय घ्यायला ती मागेपुढे पाहणार नाही.

पंडितांनी मात्र तिला ओसरीच्या आत घेतलं नाही. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना ‘यमुनापर्यटन’पासून सुरुवात होते. मग १८६१ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ची ‘मंजुघोषा’ यांचा उल्लेख ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून होतो, आणि हरिभाऊ आपट्यांपाशी येऊन सगळे सुटकेचा श्वास घेतात. हरिभाऊंबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे; त्यांनी बायकांचं दुःख जसं होतं तसं लिहिलं. पण ज्या वाचकांपर्यंत ते पोचले, त्यांच्यातल्या कित्येकांना पुस्तक उघडायची सवय अशा चोपड्यांनी लावली होती. शिवाय ज्या शब्दानं आपण या सगळ्या प्रकाराला ओळखतो तो ‘कादंबरी’ शब्द कुठून आला? बाणभट्टाच्या ग्रंथातून. त्यात काय आहे? शाप, पुनर्जन्म, पोपट झालेला मित्र, वाट पाहणाऱ्या दोघी. घराला नाव आजीचं द्यायचं आणि आजीसारखं बोलणाऱ्या नातीला दारात उभं करायचं, हे मला पटत नाही.

तिच्यात खोट नाही असं नाही. ताजुल्मुलूक वाटेत लग्नं करत जातो. महमूदा होते, आणखी होतात, आणि त्या बायकांना काय वाटलं हे ती विचारत नाही. आजच्या मुली त्या पानांवर नाक मुरडतात, आणि बरोबरच करतात. या घरातल्या सुनेनं तर एकदा वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरांनी हट्ट केला म्हणून उघडलं. तेव्हापासून ती महमूदेच्या तोंडी स्वतःची दोन वाक्यं घालते. गुलबकावलीनं त्याला हरकत घेतलेली नाही. तिच्या अंगावर इतक्यांनी ठिगळं जोडली आहेत की एक आणखी तिला जड होत नाही.

आजोबांचं आणि तिचं वेगळं होतं. ते तिला पोरांपुढे वाचत नसत. मोतीबिंदूचं शस्त्रकर्म होऊन पट्टी निघाली तेव्हा घरी आल्यावर त्यांनी पेपर मागितला नाही, ही मागितली. राजपुत्र फूल घेऊन परततो, वाटेत एका आंधळ्या फकिराच्या डोळ्यांना लावून त्याची खात्री करून पाहतो, ते पान काढायला सांगितलं. बोट ठेवून हळूहळू वाचलं. “अक्षरं निळी दिसायलीत,” म्हणाले. पुढचं वाचलं नाही, कारण पुढे भाऊ दगा देऊन ते फूल हिसकावून घेतात. तिथे ते नेहमीच थांबत.

आता तिचं खरं दुखणं. वाचकाला वाटतं की फूल मिळालं, राजाला दिसू लागलं, संपलं. ती म्हणते, थांबा, ही तर बाप्यामाणसांची गोष्ट झाली; माझी आता सुरू होते. झोपेत कुणी आपलं फूल नेलं, बोटातली अंगठी बदलून गेलं, हे कळल्यावर बकावली स्वतः चोर शोधायला निघते. पुरुषाचा वेश घेते, त्या राजाच्या दरबारात नोकरी धरते आणि चोराला गाठते. प्रेम जुळतं, ताटातूट होते, आई आड येते, शेवटी लग्न होतं. आणि मग कळतं की ही परी इंद्राच्या दरबारातली नर्तकी आहे. इंद्र आपला, परी तिकडची. अमानतच्या १८५३च्या ‘इंदरसभा’ या नाटकातही हीच सोयरीक आहे.

बकावलीच्या अंगाला आता माणसाचा वास येतो. तो इंद्राला चालत नाही. म्हणून रोज रात्री तिला दरबारात नेतात, आगीत घालून राख करतात, राखेतून पुन्हा उभी करतात आणि नाचायला लावतात. पहाटे ती घरी येऊन नवऱ्याशेजारी झोपते, काही झालं नाही असं दाखवते. या जागी या घरात कुणी बोलत नाही. शेंगा सोलणारे हातसुद्धा थांबतात. लग्न होऊन माणसाचा वास लागणं आणि त्यासाठी रोज जळणं, हे परीकथेत कुणी घातलं असेल त्याला बायकांचं काहीतरी कळलं होतं.

एका रात्री नवरा मागोमाग जातो आणि पखवाज वाजवतो. असा वाजवतो की इंद्र खूष होऊन बकावलीला म्हणतो, माग. ती म्हणते, हा पखवाजवाला द्या. इंद्र भडकतो. घेऊन जा म्हणतो, पण बारा वर्षं कमरेखाली तुझा दगड होईल.

इथे या प्रतीची पानं संपतात.

पुढची पानं १९९३च्या भूकंपात गेली. ही पेटी आजीच्या माहेरची, सास्तूरच्या बाजूची. ३० सप्टेंबरची पहाट होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर माळवदाची माती, सगळं चार वाजायच्या आत खाली आलं. आजीच्या माहेरचं माणूस वाचलं. सगळ्यांच्या घरी तसं झालं नाही, आणि त्याबद्दल आजी कधी बोलत नाही. काही दिवसांनी दगड उपसताना पेटी निघाली, झाकण चेपलेलं, आत पाणी शिरलेलं. शालूवर डाग पडले. गुलबकावलीची मागची पानं लगदा होऊन शालूलाच चिकटली होती. आजीनं ती खरवडून काढली नाहीत, धुतली नाहीत. शालू तसाच घडी करून ठेवला. अर्धी गोष्ट अजून तिथे आहे.

त्यामुळे शापाच्या पुढचं वाचता येत नाही, सांगावं लागतं, आणि ते आजीच सांगते. सिंहलद्वीपात एका देवळात बकावली उभी आहे, वर बाई, खाली पाषाण. नवरा शोधत तिथे पोचतो आणि रोज रात्री तिच्याशी बोलत बसतो. पण तिथल्या राजाच्या मुलीशी त्याचं लग्न लागलेलं असतं. रोज रात्री हा जातो कुठे, म्हणून ती माग काढते, आणि एके दिवशी ते देऊळच पाडून टाकते. दगडावर दगड राहत नाही.

“मग ती मेली?” धाकटी नात दर वेळी विचारते. उत्तर पाठ असलं तरी विचारते.

“मरंल कशी? पडक्या जागेवर एक कुणबी आला. दगड येचले, नांगर घातला, आणि करडई पेरली.”

मूळ गोष्टीत मोहरी आहे. मी एकदा आजीला तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “मव्हरी कोण पेरतंय हिकडं? फोडणीला वाणसौदा आणतो आपण.” तेव्हापासून मी गप्प आहे. लोहाऱ्याच्या काळ्या रानात रब्बीला काय येतं हे तिच्याइतकं इज्जतुल्लाला कुठून माहीत असणार?

करडई उगवते, कोवळी असताना कुणब्याची बायको खुडून आणते. बरीच वर्षं तिला मूलबाळ नाही. ती भाजी करते, वर लसणाची फोडणी, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाते. नऊ महिने नऊ दिवसांनी मुलगी होते. गोरीपान. ती बकावली. इंद्रानं शाप दिला होता, पण तो सुटला कुणब्याच्या घरात, एका भाकरीच्या घासाबरोबर. तलवार नाही, मंत्र नाही. त्या घरात ती मोठी होते आणि बारा वर्षं भरल्यावर तिचा नवरा तिथे तिला न्यायला येतो.

“आज्जी, तिचे पाय दुखत असतील का गं?” परवा धाकटीनं विचारलं. “दगडाचे होते ना?”

आजीनं पोरीची पावलं मांडीवर ओढून घेतली, तळव्यांवरून हात फिरवला.

“लहानपणी दुखायचे. थंडीत. मग तिची माय तिला करडईचं तेल कोमट करून चोळायची.”

हे कुठल्याच भाषेतल्या गुलबकावलीत नाही. सून पुस्तक मिटून पेटीत ठेवायला उठली होती. ती तशीच उभी राहिली.